लकवा झालेल्या कास्तकाराच्या हातात मोबाइल जातो तेव्हा...

गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारी महिना होता. धान चुरून झाले होते, तणसाचे ढीग लागले होते आणि मोहाला अजून अवकाश होता. पंचायत समितीतून निघताना माझ्या हातात एक यादी होती. ज्यांची पीएम-किसानची ई-केवायसी अडली आहे, अशा शेतकऱ्यांची नावे. त्यातले एक नाव आरमोरी तालुक्यातल्या एका गावचे. त्या नावापुढे आधीच्या तीन याद्यांतही फुली होती. आमच्या खात्यात अशा नावाला 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारायची पद्धत आहे. मीही दोनदा तोच शेरा मारला होता.

या कास्तकाराला मी चांगला ओळखत होतो. पाच एकर धानाची बांधी, बोडीचे पाणी, शिक्षण सातवीपर्यंत. पण नवे काही आले की हा माणूस सर्वांत आधी पुढे. 'श्री' पद्धतीने धानाची रोवणी मी गावात सांगितली तेव्हा बाकीचे हसले होते. यांनी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ शोधले आणि अर्धा एकरात करून पाहिली. हवामानाचे मेघदूत ॲप गावात पहिल्यांदा यांच्याच मोबाइलवर होते. सकाळी चहाच्या टपरीवर बसून ते पावसाचा अंदाज मोठ्याने वाचून दाखवायचे. गाव त्यांना काकाजी म्हणते, म्हणून मीही काकाजीच म्हणतो.

घरी गेलो तर काकाजी पडवीत खाटेवर बसलेले. उजवा हात पोटाशी मुडपलेला, मूठ घट्ट मिटलेली. तोंड किंचित वाकडे. मला पाहून ओळखीचे हसले आणि म्हणाले, "हो हो हो."

मी विचारले, "काकाजी, आधारचा नंबर पाठ आहे का? शेवटचे चार आकडे सांगा."

"हो हो... सात."

"सात नंतर?"

"हो... सात, सात." मग त्यांनी डाव्या हाताने कपाळावर मारून घेतले.

मला वाटले, ऐकू कमी येत असेल. मी आवाज चढवला. तेच पुन्हा ओरडून विचारले. आतून काकू आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, ओरडू नका जी. त्याईले ऐकू येते. समजते बी सारं. निंगत नाई फक्त तोंडातून."

त्या दिवशी मी ओशाळलो. काकाजींना सव्वा वर्षाआधी लकवा मारला होता आणि तेवढ्या काळात मी त्या गावाला किमान सहा वेळा गेलो होतो. दर वेळी ग्रामपंचायतीत बसून परत आलो.

हा आजार आपल्या भागात किती आहे?

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, नावे अनेक. मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. शेतकऱ्याला समजेल असे सांगायचे तर पाट बुजला की त्याच्या खालची बांधी वाळते आणि पाट फुटला की बांधी बुडते. दोन्हीत पीक गेलेच.

गडचिरोलीत हा आजार किती खोल आहे हे 'सर्च' संस्थेच्या अभ्यासाने दाखवून दिले. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ अशी दोन वर्षे जिल्ह्यातल्या ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूची नोंद आणि कारण तपासले. लोकसंख्या सुमारे ९४ हजार. त्या दोन वर्षांत १,५९९ मृत्यू झाले आणि त्यातले २२९ लकव्याचे, म्हणजे सात मृत्यूंमागे एक. सर्वांत मोठे एकटे कारण हेच निघाले. २०१५ साली हा अभ्यास 'स्ट्रोक' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मासिकात आला. लकव्याने गेलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ जण घरीच गेले, हेही त्यात आहे. जंगलाच्या, मलेरियाच्या, सापाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात लोक शहरी म्हणवल्या जाणाऱ्या आजाराने जात होते. मुख्य कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो कधी मोजलेलाच नसतो. तंबाखूने धोका आणखी वाढतो, आणि आपल्याकडे तर खर्रा घोटल्याशिवाय गप्पाही सुरू होत नाहीत. मीही खात होतो. दोन वर्षे झाली, सुटला आहे. असो.

पण मेलेल्यांची मोजणी झाली, वाचलेल्यांचे काय? ते पडवीत बसून असतात. त्यांच्या वाट्याला जे जग आले आहे त्यात रेशनपासून धानाच्या नोंदणीपर्यंत सगळे मोबाइलवर गेले आहे. मी डॉक्टर नाही, शेतीची पदविका घेतलेला माणूस आहे. पण गावात सरकारी माणूस म्हणून जो ॲप उघडून दाखवतो तो बहुतेक वेळा मीच असतो. म्हणून हे लिहितो आहे.

तीन दरवाजे, तिन्हींना कुलूप

पीएम-किसानची ई-केवायसी तीन प्रकारे होते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, सेवा केंद्रात अंगठा, किंवा ॲपमध्ये चेहरा दाखवून. काकाजींचे तिन्ही कसे अडले ते सांगतो.

ओटीपी ज्या नंबरवर यायचा तो नंबर काकाजींचाच, पण मोबाइल घरात नव्हता. मुलगा आणि सून तेलंगणात मिरची तोडायला गेले होते, मोबाइल मुलगा घेऊन गेला होता. "बुढ्याले का कामाचा आता," असे त्याचे म्हणणे. त्यात त्याची काही दुष्टाई नव्हती. घरात एकच चांगला मोबाइल, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला तो कशाला, असा साधा हिशेब. मुलाला फोन लागायचा तो रात्री आठ नंतर, आणि त्या वेळी संकेतस्थळ चालेलच याचा भरवसा नाही.

मग अंगठा. शेजाऱ्याच्या ऑटोत बसवून काकाजींना एका सेवा केंद्रात नेले. उजवी मूठ उघडेना. लकव्यानंतर स्नायू आखडतात, जबरदस्तीने बोट सरळ केले तर दुखते आणि सोडले की पुन्हा मिटते. यंत्रावर बोट सपाट टेकले तरच छाप उमटते. डावा अंगठा लावला तर चाळीस वर्षे पऱ्हे उपटून, विळा धरून त्यावरच्या रेषा झिजलेल्या. चार वेळा लावला, चारही वेळा नाकारला. केंद्रातला पोरगा म्हणाला, "उद्या या." उद्या म्हणजे पुन्हा ऑटोचे तीनशे रुपये.

राहिला चेहरा. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ही सोय ॲपमध्ये दिली. त्यात ओटीपी नको, अंगठा नको. शिवाय एक शेतकरी आपल्या मोबाइलवरून आणखी १०० शेतकऱ्यांची, आणि आमच्यासारखा कर्मचारी ५०० शेतकऱ्यांची ई-केवायसी त्यांच्या दारात जाऊन करू शकतो, असेही तेव्हाच जाहीर झाले होते. म्हणजे काकाजींना ऑटोत घालण्याची गरजच नव्हती. ही तरतूद मला ठाऊक होती, पण मी ती वापरली नव्हती.

पडवीत बसून ॲप उघडले. ॲप म्हणाले, डोळे मिचकवा. मी मोठ्याने म्हणालो, "काकाजी, डोळे मिचकवा." काकाजी हसले आणि मान हलवली. पुन्हा म्हणालो, पुन्हा मान. वेळ संपली, पडदा मिटला. तीन वेळा असेच झाले. मी यादीवर पुन्हा फुली मारली आणि निघालो.

'वाचाघात' म्हणजे काय, हे मला एका फिजिओथेरपिस्टने सांगितले

ब्रह्मपुरीला एका ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे मी ही गोष्ट सहज काढली. त्यांनी अर्धा तास समजावले. मेंदूचा डावा भाग उजवे अंग चालवतो आणि बहुतेक माणसांत भाषाही तिकडेच असते. म्हणून उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते. तिला वाचाघात म्हणतात. यात माणूस वेडा होत नाही, बहिरा होत नाही. काय म्हणायचे ते त्याला ठाऊक असते, शब्द सापडत नाही. चार म्हणायला जातो, तोंडातून सात निघते, आणि चुकले हे त्याला कळतेही. काहींना ऐकलेले लांब वाक्य उलगडत नाही, काहींना वाचता येत नाही, लिहिणे तर बहुतेकांचे जाते. सातवी शिकलेला, रोज अंदाज वाचून दाखवणारा माणूस एका सकाळी अक्षरशत्रू होतो.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला अजिबात माहीत नव्हती. पुष्कळ रोग्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसते, पण ज्या बाजूचे अंग गेले त्या बाजूचे अर्धे दृश्य जाते. ताटातली एका बाजूची भाजी तशीच राहते. आता विचार करा, मोबाइलच्या पडद्यावर 'पुढे', 'सबमिट', 'होय' ही बटणे पुष्कळदा कुठे असतात? उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात. काकाजींसाठी ती बटणे नव्हतीच!

तिसरी गोष्ट वेळेची. ओटीपी टाकायला मुदत, पडदा अर्ध्या मिनिटात काळा, पाऊण मिनिट हात लावला नाही की 'पुन्हा लॉगिन करा'. डाव्या हाताने, तोही कधी न वापरलेला, एकेक आकडा शोधून दाबायला लकव्याच्या माणसाला किती वेळ लागतो हे ॲप करणाऱ्याने कधी पाहिलेले नसते. शिवाय लवकर थकवा येतो. सकाळी जे जमते ते दुपारी चारला जमत नाही, आणि आम्ही लोक जातो दुपारी चारलाच.

ते शेवटी म्हणाले, "साहेब, सांगू नका. करून दाखवा."

परदेशातही या प्रश्नावर काम झाले आहे. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी वाचाघात झालेल्यांच्या इंटरनेट वापराचा अभ्यास केला. त्यांना दिसले की ही माणसे इंटरनेट सोडून देत नाहीत, पण एकट्याने वापरणे कमी होते, दुसऱ्याच्या मदतीवर येते. आणि अडचण एकट्या वाचाघाताची नसते, वय आणि शिक्षणही त्यात असते. तिकडे घरोघरी वाय-फाय आहे. आपल्याकडे त्यात टॉवर, रिचार्ज, आणि एकच मोबाइल हे आणखी तीन काटे.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा

आठ दिवसांनी सकाळी नऊलाच गेलो. काही बोललो नाही. काकाजींच्या डाव्या बाजूला बसलो, मोबाइल डाव्या बाजूला धरला, आणि त्यांच्याकडे पाहून मी स्वतः दोन्ही डोळे मिचकवले. त्यांनी मिचकवले. मी पुन्हा केले, त्यांनी पुन्हा केले. काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "म्हातारपणी डोळे मारून रायले का जी?" काकाजींनाही हसू फुटले. तेवढ्यात पडद्यावर हिरवी खूण आली.

इथे एक तांत्रिक गोष्ट. लकव्यात तोंड वाकडे होते ते बहुधा खालचे. कपाळ आणि पापण्या बऱ्याच अंशी शाबूत राहतात. त्यामुळे डोळे मिचकवणे बहुतेकांना जमते, फक्त हुकूम कळायला हवा. ज्यांना तेही जमत नाही त्यांचे काय, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. केवायसीसाठी डोळे मिचकवण्याखेरीज दुसरे मार्ग ठेवा, अंगठ्याचा ठसा नाकारू नका, अशा वीस सूचना दिल्या. हा निकाल अपंगांसाठी आहे, आणि लकव्याचा रोगीही त्यात बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व आहे. त्यातल्या वाचा व भाषा दोषात वाचाघाताचे नाव स्पष्ट आहे. पुष्कळ घरांत हात-पाय गेला म्हणून प्रमाणपत्र काढतात, वाचेची तपासणी करून घेतच नाहीत. घ्यावी. गंमत अशी की या प्रमाणपत्राचा अर्जही ऑनलाइनच भरावा लागतो. म्हणजे इंटरनेट चालवता येत नाही हे इंटरनेटवरून कळवायचे!

जंगलाच्या आतल्या गावांत

काकाजींचे गाव रस्त्यावरचे. एटापल्ली, भामरागडच्या आत गेलात की गोष्ट वेगळी. भामरागड गडचिरोलीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास; पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. गुठळीचा लकवा असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. हिशेब तुम्हीच करा.

गेल्या काही वर्षांत टॉवर वाढले, हे कबूल केले पाहिजे. आधी जिथे टेकडीवर चढून फोन लावायचे तिथे आता घरात रेंज येते. पण वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की सगळे ठप्प. आणि टेकडीवर चढून रेंज शोधणे धडधाकट माणसाचे काम आहे, लकव्याच्या माणसाला ते कसे जमावे?

भाषेचे तर कोणी बोलतच नाही. त्या भागात मी एका माडिया बाईला भेटलो, डावी बाजू गेलेली, वाचा शाबूत. तिच्या नातवाने मोठ्या उत्साहाने मोबाइलचा माइक दाबून तिच्यापुढे धरला. मराठी बोललेले मोबाइल टाइप करतो, हे तो आश्रमशाळेत शिकला होता. बाई माडियात काहीतरी म्हणाली. मोबाइलने भलतेच मराठी शब्द जोडून दाखवले. नातू खो-खो हसला, आजीनेही हसून घेतले आणि मग तोंड फिरवून बसली. ज्यांची जीभ लकव्याने जड झाली आहे त्यांचे मराठीही ही यंत्रे धड ओळखत नाहीत, मग माडिया आणि गोंडी दूरच.

इंटरनेट पोचते तिथे काय पोचते?

सगळे दोष रेंजवर ढकलून चालणार नाही. सिंदेवाहीकडचा एक चाळिशीतला ट्रॅक्टरचालक. लकवा सौम्य, चालता येते, हात थोडा कमजोर. मोबाइल स्वतःचा. तो दिवसभर 'लकव्यावर रामबाण' असे व्हिडिओ बघायचा. एका व्हिडिओच्या खालच्या नंबरवर त्याने तेलाच्या बाटल्यांचे साडेचार हजार पाठवले. बाटल्या आल्या, आणि सोबत 'इंग्रजी गोळ्या बंद करा' असा निरोपही. त्याने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी दुसरा झटका आला. आता तोही खाटेवर आहे.

आणखी एक मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे: लकवा आला की रोग्याच्या दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, माणूस वाचतो. हे साफ खोटे आहे. त्यात जो वेळ जातो तोच मेंदू खातो. कबुतराच्या रक्ताचे मालिशही तसेच. तोंड वाकडे, एक हात खाली पडतो, बोलणे अडखळते, यांतले एक जरी अचानक दिसले तरी घड्याळात वेळ पाहा आणि १०८ ला फोन लावा. रोगी नेमका किती वाजता धड होता, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.

खरी माहिती मोबाइलवरून दिली तर फायदा होतो का, हेही आपल्या देशात तपासून झाले आहे. 'स्प्रिंट इंडिया' या अभ्यासात ३१ रुग्णालयांतले चार हजारांवर रोगी होते. निम्म्यांना १२ भाषांपैकी आपल्या भाषेत संदेश, व्हिडिओ आणि एक पुस्तिका दिली. निकाल २०२३ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' मध्ये आला: दुसरा झटका टाळण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मला याचे नवल वाटले नाही. तुडतुड्यांचा इशारा आम्ही एका वेळी हजारो शेतकऱ्यांना संदेशाने पाठवतो. त्यातले किती जण बांधीत उतरून बुंधा पाहतात, ते आम्हाला ठाऊक आहे. मात्र ज्या गावात कोणी सोबत उतरतो तिथे गोष्ट वेगळी होते.

घरच्यांना काय करता येईल

काकाजींचा मुलगा एप्रिलच्या शेवटी परत आला. त्याला मी स्पष्टच सांगितले, "मोबाइल बाबाजीचा आहे, त्याले दे." तो जरा नाराज झाला, पण दिला. मग आम्ही दोघांनी बसून तो मोबाइल काकाजींसाठी लावला. जे केले ते सांगतो, कोणालाही करता येण्यासारखे आहे.

सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाचा भाग असतो, मराठीत कुठे 'सुलभता' लिहिलेले असते. तिथे अक्षर सगळ्यात मोठे केले. बोट किती वेळ दाबून धरले की मोबाइलने ते 'दाबले' समजावे, ती वेळ वाढवली, कारण हात कापतो आणि भलतेच उघडते. पडदा काळा होण्याची मुदत दहा मिनिटे केली. निवडलेला मजकूर मोबाइलने वाचून दाखवावा, ही सोय सुरू केली. ऐकून कळते त्यांना ती फार उपयोगी. पहिल्या पडद्यावरची सगळी ॲप काढली आणि फक्त चार चौकोन ठेवले, तेही डावीकडे: मुलाचा फोटो, काकूच्या भावाचा फोटो, माझा फोटो आणि कॅमेरा. फोटोवर बोट ठेवले की फोन लागतो, नाव वाचावे लागत नाही. मोबाइल सरकू नये म्हणून पाटावर ओला फडका अंथरून त्यावर ठेवायचा, ही युक्ती काकूंची.

पैशाचे ॲप ठेवले नाही. हा निर्णय काकाजींना विचारून घेतला. त्यांनी हाताने 'नको' केले. पिन दुसऱ्याला सांगून व्यवहार करण्यापेक्षा महिन्यातून एकदा काकूंसोबत बँकेत जाणे बरे, असे माझेही मत आहे. वाचाघाताच्या माणसाला फसवलेले सांगता येत नाही, आणि ही गोष्ट फसवणाऱ्यांनाही कळते.

ई-पीक पाहणीचे लोक विचारतात. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. म्हणून जो बांधावर जाऊ शकत नाही त्याची नोंद शेजाऱ्याने, पुतण्याने आपल्या मोबाइलवरून करावी. हंगाम संपेपर्यंत वाट पाहू नये. नोंद राहिली की सातबारा कोरा, आणि सातबारा कोरा की धान विकताना वांधा. डॉक्टरचा सल्ला हवा असेल तर ई-संजीवनी आहे. रोग्याला स्वतःचा मोबाइल लागत नाही. आरोग्य उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तिथून डॉक्टरशी जोडून देतात. शेतीचा प्रश्न असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मराठीत चालतो, साध्या बटणांच्या फोनवरूनही लागतो. बोलणे मात्र घरच्यांना करावे लागेल.

आणि माझ्या सहकाऱ्यांसाठी: यादीवर 'प्रतिसाद नाही' लिहिण्याआधी एकदा पडवीपर्यंत जा. शक्यतो सकाळी.

ऑक्टोबरमधला फोटो

काकाजींचे अडलेले हप्ते जमा झाले. 'नमो'चेही झाले. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच.

ऑक्टोबरमध्ये, धान निसवून भरायला लागले होते तेव्हा, एके सकाळी माझ्या मोबाइलवर काकाजींच्या नंबरवरून एक फोटो आला. सोबत एक अक्षर नाही. बांधीचा फोटो, वाकडा काढलेला, कोपऱ्यात डाव्या हाताचा अंगठा आलेला. मधोमध धानाचा एक गोल पट्टा करपल्यासारखा तांबूस. मी मोठा करून पाहिला. तपकिरी तुडतुडे!

मी काकूंना फोन लावला. "काकू, बांधीत कोण गेलं होतं?"

"हेच गेले होते जी. काठी घेऊन, पोट्टा संगं. मले काई सांगत नोयते, निस्तं 'हो हो' करून रायले होते. मंग मोबाइल मांगतला."

"त्यांना म्हणा, बरोबर पाहिलं. बांधीतलं पाणी आजच काढा. युरिया देऊ नका. मी दुपारी येतो, बुंध्याशी किती आहेत ते पाहून फवारणीचं ठरवू."

मागून काकाजींचा आवाज आला, "हो हो हो." मग थोडे थांबून, स्पष्ट, "पाणी."

दुपारी गेलो तेव्हा बांधीचा एक धुरा फोडलेला होता आणि पाणी खालच्या नाल्यात उतरत होते. पट्टा खाटेएवढाच होता, पुढे पसरला नाही. बाजूच्या दोन बांध्यांत मात्र तुडतुडे पुष्कळ निघाले. त्या शेतकऱ्यांनी अजून बुंधा पाहिलाच नव्हता.